मणक्यातली भूल उतरल्यावर

सिझरसाठी मणक्यात दिलेली भूल दीड ते तीन तासांत उतरते. दुपारी चारला शस्त्रक्रिया झाली असेल, तर सातच्या आसपास बाळंतिणीचे पाय हलू लागतात आणि त्याच सुमारास टाक्यांच्या जागी आग व्हायला लागते. तोवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ओपीडीत बसलेले असतात आणि भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावच्या केसला निघून गेलेले असतात. वॉर्डात एक सिस्टर आणि उशाशी माय नाहीतर सासू. पोरगी म्हणते, ‘लई दुखायलंय.’ माय म्हणते, ‘टाके हायत, दुखणारच. सोस जरा.’ सिस्टर डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे एक इंजेक्शन देते. पुढचे कधी द्यायचे, याचे उत्तर केसपेपरवर तीन अक्षरांत असते: एसओएस. म्हणजे मागितले तर. आणि आपल्याकडची बाळंतीण मागत नाही.

या ‘मागितले तर’बद्दल हा लेख आहे. सिझर झालेल्या प्रत्येक बाईला, टेबलावरून खाली घेण्याआधीच, पोटाच्या भिंतीतल्या नसांना बधिर करणारी भूल मिळायला हवी आणि तिची नोंद केसपेपरवर असायला हवी, असे माझे म्हणणे आहे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हिच्यावाचून भागते, कारण तिथे दुसरे उपाय आहेत. मराठवाड्यातल्या परंडा, किनवट, सेनगाव, आष्टीकडे ते नाहीत, म्हणून तिची खरी गरज इकडे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या २५.४ टक्के प्रसूती सिझरने झाल्याचे दिसते. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण २०.१ होते. सिझर इतके का वाढले, यावर भांडायला जागा आहे आणि भांडलेही पाहिजे. पण ज्या बाईचे पोट आज कापले गेले, तिला त्या भांडणाचा आज रात्री काही उपयोग नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातले सिझर औषधांसह मोफत आहे. तेव्हा अडचण पैशाची फार कमी आणि सवयीची जास्त आहे.

आधी दुखते कुठून, ते पाहू. सिझरच्या आडव्या छेदाची जागा, म्हणजे ओटीपोटाची कातडी, स्नायूंवरचे जाड आवरण आणि स्नायू, यांची संवेदना छातीच्या शेवटच्या दोन-तीन आणि कमरेच्या पहिल्या मणक्यातून निघणाऱ्या नसा वाहतात. पोटाच्या बाजूच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर असतात. या नसा मधल्या आणि आतल्या थराच्या सांध्यातून पुढे येतात. त्या फटीत दोन्ही बाजूंनी औषध सोडले की छेदाची जागा सहा ते बारा तास बोथट राहते. यालाच भूलतज्ज्ञ टॅप ब्लॉक म्हणतात. २००१ मध्ये ही पद्धत हाताच्या अंदाजाने वर्णन केली गेली. पुढे सोनोग्राफीखाली ती करण्याची रीत रूढ झाली. पाठीच्या अंगाने थोडे आणखी खोल जाणारा क्वाड्रेटस लंबोरम ब्लॉक हा तिचाच पुढचा भाऊ.

यात एक गोष्ट लपवू नये. गर्भाशय आवळताना येणारी कळ, विशेषतः बाळ अंगावर पीत असताना येणारी, टॅप ब्लॉकने जात नाही. ती कळ वेगळ्या नसांनी येते. ब्लॉक देऊनही बाई ‘पोटात कळ मारायली’ म्हणत असेल तर ब्लॉक फसला असे नाही. गोळ्यांची वेळ चुकली आहे का, ते आधी पाहावे.

जाणकार यावर लगेच विचारतील की मणक्यातच मॉर्फिन का देत नाही? प्रश्न रास्त आहे. मणक्याच्या भुलेत १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास मॉर्फिन मिसळले तर बारा ते चोवीस तास आराम मिळतो आणि त्यावर टॅप ब्लॉकची भर घातल्याने फारसा जादा फायदा होत नाही. प्रॉस्पेक्ट नावाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही मणक्यातले मॉर्फिन पहिल्या पसंतीला आहे, आणि ते दिले नसेल तर जखमेत भूल भरावी किंवा टॅपसारखा ब्लॉक द्यावा, असे म्हटले आहे. आपला मुक्काम या ‘नसेल तर’मध्ये आहे. मॉर्फिन अमली पदार्थ कायद्यात येते. २०१४ च्या दुरुस्तीने रुग्णालयांसाठी वाट सोपी झाली, तरी मान्यता, कुलूपबंद साठा, स्वतंत्र नोंदवही हे सगळे आलेच. मणक्यात द्यायचे मॉर्फिन परिरक्षक, म्हणजे औषध टिकवणारे रसायन, नसलेलेच लागते. शिवाय १० मिलिग्रॅमच्या १ मिली ॲम्प्यूलमधून १०० मायक्रोग्रॅम काढायचे म्हणजे दोनदा दहापट पातळ करणे आले. एकदा विसरले तर मात्रा दहापट. आणि मात्रा बरोबर असली तरी त्या रात्री दर तासा-दोन तासांनी श्वास मोजायला माणूस हवा. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एक सिस्टर प्रसूतिगृह आणि वॉर्ड दोन्ही सांभाळते. तिथे श्वास मंदावण्याचा धोका, कितीही दुर्मीळ असला तरी, पत्करू नये. ब्लॉकने श्वास मंदावत नाही, खाज सुटत नाही.

आता हिशेब, कारण चूक होते ती बहुतेक वेळा इथे. ब्लॉकचे औषध म्हणजे ब्युपिव्हॅकेन. बाटलीवर ०.५ टक्के ब्युपिव्हॅकेन असे लिहिलेले असते. टक्क्याला दहाने गुणा, की एका मिलीतले मिलिग्रॅम मिळतात. ०.५ टक्के म्हणजे मिलीला ५ मिलिग्रॅम, ०.२५ टक्के म्हणजे २.५. सगळी मिळून मात्रा वजनाच्या किलोमागे २ मिलिग्रॅमच्या आत ठेवावी. ५० किलोच्या बाईला १०० मिलिग्रॅम ही शेवटची रेघ झाली. त्यातून मणक्यात गेलेले १० मिलिग्रॅम वजा करा, ९० उरले. म्हणून ०.५ टक्क्याचे १५ मिली आणि सलाइन १५ मिली मिसळून ३० मिली तयार करावे आणि दोन्ही कुशींना १५-१५ मिली द्यावे. हे ७५ मिलिग्रॅम होतात; रेघेच्या आत, थोडी जागा राखून.

पण इकडच्या कितीतरी बाळंतिणी ५० किलोच्या नसतात. ४० किलोच्या बाईची रेघ ८० वर आहे. तिला तेच ३० मिली दिले तर मणक्यातले धरून ८५ झाले. तिला १२-१२ मिली पुरे, म्हणजे ६० मिलिग्रॅम. वजनही नवव्या महिन्यातले धरू नये, त्यात बाळ, वार आणि पाणी आले. माता-बाल संरक्षण कार्डावरचे पहिल्या तपासणीचे वजन धरावे. गरोदरपणात रक्तातली प्रथिने पातळ झालेली असतात आणि स्नायूंना रक्तपुरवठा वाढलेला असतो, त्यामुळे औषध रक्तात लवकर उतरते आणि मोकळे फिरते. कोरड्या हिशेबापेक्षा थोडे कमीच बरे.

पद्धतींमध्ये माझी पसंती अशी. शस्त्रक्रियागृहात सोनोग्राफी असेल तर टॅप ब्लॉक तिच्याखालीच द्यावा. खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची कड यांच्या मधोमध, कुशीच्या रेषेवर प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, आडवा ठेवला की तीन पट्टे दिसतात. सगळ्यात आतला बहुधा पातळ आणि काळसर. सुईचे टोक मधल्या आणि आतल्या पट्ट्यांच्या सीमेवर आणून १ मिली सलाइन सोडावे. दोन थर उलगडून मध्ये काळे भिंग उघडले तर जागा बरोबर. थर न उघडता स्नायूच फुगला तर सुई अर्धा मिलिमीटर पुढे किंवा मागे. मग दर ५ मिलीला सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही ना, ते पाहत औषध द्यावे. मणक्यातली भूल अजून चालू असल्याने बाईला टोचणे कळतही नाही. दोन्ही बाजू मिळून दहा मिनिटांचे काम. वॉर्डात गेल्यावर, दुखायला लागल्यावर हेच करायला गेलात तर कुशीवर वळवण्यापासून हाल सुरू.

सोनोग्राफी नसेल तर शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच जखमेत भूल भरावी. लोक याला कमी लेखतात. वास्तविक टॅप ब्लॉकशी तुलना केलेल्या चाचण्यांत दोहोंच्या आरामात फार अंतर दिसत नाही. फक्त ती नीट भरली पाहिजे. घाईत कातडीखाली दोन टोचे मारून ‘दिले’ म्हणायचे, ही रीत निरुपयोगी आहे. गर्भाशय शिवून रक्तस्राव थांबला की त्याच ३० मिलीतले १० मिली स्नायूंवरच्या जाड आवरणाखाली, पूर्ण लांबीभर; आवरण शिवल्यावर छेदाच्या दोन्ही टोकांना ५-५ मिली; उरलेले १० कातडीखाली. टोकांचे विसरू नये. जांघेकडे जाणाऱ्या दोन नसा तिथूनच जातात आणि उठताना ‘कोपऱ्यात ओढ बसते’ अशी तक्रार त्यांचीच असते. या कामाला तीन मिनिटे लागतात, दुसरी सुई लागत नाही, दुसरा डॉक्टरही लागत नाही.

हाताच्या अंदाजाने, म्हणजे कमरेच्या हाडाच्या वरच्या त्रिकोणात सुई घालून दोन ‘टक’ मोजून दिलेला ब्लॉक मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिला टक बाहेरच्या स्नायूच्या आवरणाचा, दुसरा मधल्याच्या. पुस्तकात हे सोपे वाटते. पण नऊ महिने ताणलेली पोटाची भिंत प्रसूतीनंतर सैल पडलेली असते, टक पुसट लागतो, आणि मणक्याची धारदार सुई वापरली तर तो लागतच नाही. मग सुई उथळ राहते किंवा थेट पोटात उतरते. यकृताला सुई लागल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. ज्याने बोथट सुईने, जाणत्याच्या हाताखाली पुरेसे ब्लॉक दिले आहेत, त्यानेच या वाटेला जावे.

बाकी काय बिघडते? सगळ्यात घातक चूक म्हणजे दुहेरी मात्रा. सर्जनने जखमेत ३० मिली भरले, भूलतज्ज्ञाचे लक्ष बाळाकडे होते, आणि मग त्याने टॅपचे ३० मिली दिले. दोघांनी आपापल्या परीने बरोबर केले आणि बाईच्या अंगात १६० मिलिग्रॅम गेले. यावरचा उपाय कसला भारी नाही. भिंतीवर पांढरा फळा असतो, ज्यावर मॉप, म्हणजे रक्त टिपायची फडकी, मोजून लिहितात. त्यावरच मणक्यातल्या मात्रेपासून पुढे ‘ब्युपी’चे मिलिग्रॅम लिहीत जायचे. आणि दोन्हींपैकी एकच करायचे.

दुसरी चूक बाटल्यांची. मणक्यासाठीचे ‘हेवी’ ४ मिलीचे ॲम्प्यूल साखरेच्या द्रावणातले असते, ते ब्लॉकसाठी नाही. वीस मिलीची बाटली बहुधा परिरक्षक घातलेली असते, ती मणक्यासाठी नाही. एक बाटली एका बाईला. उरलेले टाकून द्यायचे, उद्यासाठी बूच लावून ठेवायचे नाही. याच ट्रेमध्ये रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचे ॲम्प्यूलही पडलेले असते. ते चुकून मणक्यात गेल्याने जीव गेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता. दोन औषधे दोन ट्रेमध्ये ठेवली की निम्मा धोका तिथेच संपतो.

तिसरी गोष्ट वेळेची. टॅप ब्लॉकनंतर औषधाची रक्तातली पातळी साधारण अर्ध्या तासाने कळस गाठते. आपल्याकडे तेवढ्यात बाई स्ट्रेचरवरून वॉर्डात पोचलेली असते आणि पाहुणे बाळाला पाहत असतात. तिने ओठांना मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण सांगितली किंवा ती एकाएकी बडबडू लागली, तर ते भुलेचे विष चढण्याचे लक्षण आहे. पुढची पायरी झटका आणि हृदयाचे ठोके बिघडणे. म्हणून ब्लॉकनंतर किमान अर्धा तास बाई शस्त्रक्रियागृहाशेजारीच, मॉनिटर लावून, ठेवावी. ऑक्सिजन आणि श्वासमार्ग आधी, झटक्याला मिडाझोलम, आणि २० टक्क्यांचे लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचे स्निग्ध द्रावण: किलोमागे १.५ मिली दोन-तीन मिनिटांत, मग मिनिटाला किलोमागे ०.२५ मिली. ५० किलोला पहिले ७५ मिली, नंतर मिनिटाला साडेबारा. वीस मिनिटांत ही धार अडीचशे मिली ओढते, त्यामुळे २५० मिलीच्या दोन बाटल्या हव्यातच. हृदय थांबले तरी ॲड्रेनॅलिन नेहमीच्या १ मिलिग्रॅमने न देता किलोमागे १ मायक्रोग्रॅमच्या आत द्यावे. ‘लिपिड पडून राहते आणि मुदत संपते’ ही तक्रार खरी आहे. पण संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांसारख्या ठिकाणी नवजात अतिदक्षता विभाग हेच लिपिड कमी दिवसांच्या बाळांना देतो. मुदत जवळ आलेल्या बाटल्या तिकडे वळवून नव्या इकडे आणण्याची साखळी जिल्हा पातळीवर बांधता येईल. ती बांधली जात नाही, याला औषधापेक्षा कागद कारणीभूत आहेत.

आणि शेवटची, छोटी पण लाजिरवाणी चूक. औषध खाली झिरपून मांडीच्या नसेपर्यंत पोचले तर गुडघ्यात बळ राहत नाही. बाई पहिल्यांदा उठते आणि कोसळते, कधी बाळासकट. उठवण्याआधी पडल्या पडल्या पाय सरळ ठेवून वीतभर उचलायला सांगावे, एकेक करून. दोन्ही उचलले तरच खाली पाय.

आता मराठवाड्याचा खास प्रश्न. सोनोग्राफीचे यंत्र दिसले की आपल्याकडे सगळ्यांच्या मनात आधी वेगळीच गोष्ट, गर्भलिंगनिदान, येते, आणि त्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. बीड जिल्ह्यात ८०७. प्रसवपूर्व निदान कायद्याने यंत्राची नोंदणी सक्तीची केली, आणि पोर्टेबल यंत्र गाडीत घालून गावोगावी नेण्याला २०१२ च्या नियमांनी अटकाव केला. भूलतज्ज्ञ मात्र नेमका गावोगावी फिरणारा माणूस. त्याच्याकडून मागणी येते, ‘आम्ही गर्भ पाहत नाही, बाळंतीण झालेल्या बाईचे पोट पाहतो, आम्हाला सूट द्या.’

ही मागणी मला पटत नाही. यंत्र एकच असते, प्रोब बदलला की काम बदलते, आणि तपासणारा अधिकारी प्रत्येक डिकीत डोकावू शकत नाही. आठशे सातचा आकडा ज्या जिल्ह्यात पडला, तिथे हे दार किलकिले करण्याची किंमत फार मोठी आहे. वाट कायद्याच्या आतच आहे. ज्या रुग्णालयात सिझर होते, तिथे बहुतेक ठिकाणी नोंदणी झालेले यंत्र असतेच. ते खालच्या मजल्यावर कुलपात असते. ते शस्त्रक्रियागृहात वापरायचे असल्याची आणि भूलतज्ज्ञाच्या नावाची रीतसर नोंद जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे करून घ्यावी. हे कोणाला जड वाटत असेल तर जखमेत भूल भरण्याचा मार्ग उघडा आहेच. त्याला ना यंत्र लागते ना अर्ज. माझा रोख इथे आहे: ‘सोनोग्राफीची परवानगी नाही म्हणून ब्लॉक देत नाही’ ही सबब खरी नाही.

खासगीत अडते ते वेगळ्या जागी. फिरत्या भूलतज्ज्ञाला केसमागे पैसे मिळतात, ब्लॉकचे वेगळे कोणी देत नाही, आणि पुढच्या गावचा फोन खिशात वाजत असतो. त्याला दहा मिनिटांचा दोष देण्यात अर्थ नाही. नर्सिंग होमने बिलात भुलेच्या रकमेतच ब्लॉक धरावा, निवडीचा ‘पॅकेज’ म्हणून विकू नये. ‘बिनदुखीचे सिझर’ अशा पाट्या काही ठिकाणी दिसू लागल्या आहेत. पाटी खोटी आहे, कारण पूर्ण बिनदुखीचे काही नसते. आणि तिचा दुसरा अर्थ असा होतो, की बाकीच्यांना दुखलेले चालते. सरकारीत जिथे भूलतज्ज्ञ नाही आणि भुलेचे थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण घेतलेला एमबीबीएस डॉक्टर मणक्याची भूल देतो, तिथे त्याच्याकडून टॅपची अपेक्षा धरू नये. तिथे सर्जनच्या हातची तीन मिनिटे.

ब्लॉक एकटा पुरत नाही. त्याच्या जोडीला घड्याळाच्या काट्यावर गोळ्या हव्यात: पॅरासिटामॉल दर सहा तासांनी १ ग्रॅम (५० किलोखाली किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४५ किलोला साडेसहाशेची गोळी बरोबर बसते) आणि डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम दर आठ तासांनी. प्लेटलेट कमी असतील, मूत्रपिंडावर ताण असेल, रक्तस्राव थांबलेला नसेल, अल्सर असेल तर डायक्लोफेनॅक नाही. ही दोन्ही औषधे अंगावर पाजणाऱ्या आईला चालतात, ब्लॉकमधले औषधही दुधात नगण्य उतरते. ट्रॅमाडॉल हे जास्त तीव्र वेदनाशामक मात्र सर्रास देऊ नये. बाळ सुस्त पडण्याचा धोका आहे. ‘गोळ्यांनी दूध आटतं’ असे सासवा म्हणतात. उलट आहे: कळा सोसत आखडून बसलेल्या बाईचाच पान्हा अडतो, आणि ती बाळाला नीट धरूही शकत नाही.

दुखणे मोजायचे कसे, यावर नेहमी सांगतात की शून्य ते दहा विचारा. वॉर्डात हा प्रश्न पडून राहतो. ‘किती आणे दुखतंय?’ असे विचारून पाहा. वीस-बावीस वर्षांच्या पोरीने आणा पाहिलेला नसतो, पण ‘बारा आणे कमी झालं’ हे घरात ऐकलेले असते, आणि नाहीतर उशाशी बसलेली माय हिशेब समजावून देते. विचारायचे पडून असताना नाही, कुशीवर वळताना. दोन, सहा, बारा आणि चोवीस तासांनी, आणि केसपेपरवर आकडा लिहायचा. सहा आण्यांच्या वर गेले की डॉक्टरांना फोन.

त्याच केसपेपरवर ब्लॉकची वेळही लिहिलेली असावी. संध्याकाळी पाचला दिलेला ब्लॉक रात्री एक-दोनच्या सुमारास उतरू लागणार, हे सिस्टरला त्यावरून आधीच कळते. त्या वेळी बाळंतीण बहुधा नुकती डोळा लागलेली असते, आणि झोपलेल्या बाईला गोळीसाठी कोणी उठवत नाही. बाराची पॅरासिटामॉल तिला उठवूनच द्यायची.